दार फळणीचा सण

यंदाच्या संवत्सरीला माझ्या मोबाइलवर क्षमापनेचे २१४ संदेश आले. बँकेत ३७ वर्षे काढलेल्या माणसाला मोजण्याची खोड लागते आणि ती निवृत्तीनंतरही जात नाही, म्हणून मोजले. त्यांतील ३१ संदेशांवर एकच कमळ होते. एक संदेश अशा गृहस्थांचा होता, ज्यांच्याशी कुंपणाच्या दीड फूट जागेवरून माझा नऊ वर्षांचा वाद आहे. त्यांनीही तेच कमळ पाठवले होते. मीही उलट टपाली हात जोडलेले चित्र पाठवले. दोघांचेही कर्तव्य पार पडले. कुंपण होते तेथेच आहे.

अशा वेळी मला अलिबाग शाखेतील आमचे हेडकॅशियर आठवतात. ते जैन नव्हते. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू होते. परंतु संवत्सरीचा अर्थ मला त्यांच्याकडून कळला, हे मी या मासिकाच्या वाचकांसमोर संकोच न बाळगता लिहितो. साधुसंतांच्या प्रवचनांतून तो पूर्वीही ऐकला होता. ऐकणे वेगळे आणि कळणे वेगळे.

बेने इस्राएल समाजाविषयी आपल्यातील नव्या पिढीला फारशी माहिती नसेल. त्यांची परंपरा सांगते की, शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व हा समाज त्यांच्यापासून वाढला. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले, मराठी भाषा घेतली, लुगडी घेतली, गावांवरून आडनावे घेतली. दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी. धर्मग्रंथ हाताशी राहिले नाहीत, हिब्रू भाषा विसरली गेली. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही, एवढे मात्र ते विसरले नाहीत. म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपण व्यापारी माणसे आहोत, तेव्हा याचा हिशेब आपल्याला चटकन समजावा. सात दिवसांतला एक दिवस धंदा बंद. म्हणजे मिळकतीचा सातवा हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या सोडून दिला. त्या मोबदल्यात काय मिळाले? आपण कोण आहोत याची आठवण टिकली, एवढेच.

त्यांच्या सणांची नावेही अस्सल मराठी आहेत. ज्यू लोकांच्या वर्षारंभाला ते 'नव्याचा सण' म्हणत. त्यानंतर दहाव्या दिवशी येतो तो ज्यूंचा सर्वांत मोठा दिवस, योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणात त्याचे नाव होते 'दार फळणीचा सण', म्हणजे दारे बंद करण्याचा सण. पूर्वी त्या दिवशी माणसे पांढरी वस्त्रे नेसून घराची दारे लावून घेत आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळीत. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि नातलगांना भेटायचे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला आणि जो पुढे १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला, त्यात या सणांची वर्णने आहेत. मला मात्र हे प्रथम कळले ते पुस्तकातून नव्हे, नोटा मोजता मोजता.

१९८८ साली मी अलिबागेत अधिकारी होतो. वय ३०, एम. कॉम.ची पदवी आणि त्या पदवीचा नको तितका अभिमान. हेडकॅशियर पन्नाशी ओलांडलेले. तिजोरीची एक चावी त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे, अशी संयुक्त जबाबदारी होती. त्यांच्या नोटा मोजण्याला विलक्षण लय होती. शनिवारी अर्धा दिवस बँक असे आणि त्या दिवशी ते गप्प असत. पूर्वजांनी घाणा थांबवला होता; यांना काउंटर थांबवता येत नव्हता. याविषयी ते एकदाच बोलले होते. "नोकरी आहे साहेब," एवढेच.

त्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी रोकड एक हजार रुपयांनी कमी भरली. दहाच्या नोटांची एक गड्डी नव्हती. रात्री नऊपर्यंत आम्ही सारे मोजत बसलो. मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खराब नोटांच्या बंडलात बांधली गेल्याचे आढळले आणि प्रकरण मिटले. म्हणजे मिटले असे मी समजत होतो. मॅनेजरसाहेब त्यानंतर माझ्याशी जरा तुटक वागू लागले होते, त्याचे कारण मला उमगत नव्हते.

भाद्रपदात आपली संवत्सरी झाली. आम्ही चार-पाच कुटुंबांनी एका घरी जमून प्रतिक्रमण केले. क्षमापनेची छापील कार्डे मी दरवर्षीप्रमाणे ६० पाठवली. त्यानंतर जेमतेम आठवडाभराने, २० सप्टेंबरच्या मंगळवारी, दुपारी रोकड बंद झाल्यावर हेडकॅशियर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीची त्यांची रजा मीच मंजूर केली होती.

"साहेब, पाच मिनिटे आहेत?"

मी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत.

"गेल्या महिन्यात गड्डी कमी आली होती. त्या रात्री मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले. मी सांगितले, दुपारी मी पाणी प्यायला गेलो तेव्हा तिजोरी उघडी होती आणि तुम्ही एकटेच आत होता. शब्द खोटा नव्हता. पण मी तो अशा सुरात बोललो की त्यांना तुमचा संशय यावा. माझ्या अंगावर येऊ घातलेले तुमच्या अंगावर ढकलायचे होते. पुढे गड्डी सापडली, तरी मी जाऊन ते परत घेतले नाही. आज घेतले. आधी त्यांना सांगून आलो, मग तुमच्याकडे आलो. मला माफ करा."

माझे कान तापले. पण अशा प्रसंगी सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केले, विषय झटकला. म्हणालो, "अहो, सोडा हो. झाले गेले. आमचीही नुकतीच संवत्सरी झाली. माझाही मिच्छामि दुक्कडम्."

त्यांनी विचारले, "तुमचे कशाबद्दल, साहेब?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. टेबलावर हात टेकून, मान किंचित पुढे करून, एखाद्या ग्राहकाचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे तसे.

"तसे काही विशेष नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरे. मग माझे तेवढे सांगा. केले की नाही?"

"केले."

ते गेले. सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यायचे होते.

त्यांचा उपवास त्या संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी रात्र पडल्यावर सुटतो. सुमारे २५ तास. अन्न नाही आणि पाणीही नाही. आपल्या भाषेत चौविहार उपवास. स्नान नाही, अंगाला तेल लावणे नाही. आणि आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्या दिवशी चामड्याची पादत्राणेही वर्ज्य. तिथीचाही योग पाहण्यासारखा आहे. त्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि आपल्यासारखाच अधिक महिना धरला जातो. त्यामुळे योम किप्पूर बहुधा भाद्रपदाच्या किंवा आश्विनाच्या शुद्ध दशमीच्या आसपास येतो. २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षे तो थेट दसऱ्याच्या दिवशी आला. १९८८ मध्ये भाद्रपदात होता, म्हणून आमच्या दोघांच्या क्षमेच्या दिवसांत एका आठवड्याचेही अंतर पुरते नव्हते.

गुरुवारी, शिळ्या सणाच्या दिवशी, ते कामावर आले. चेहरा उतरलेला, पण प्रसन्न. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसलो आणि विचारले, मला ठाऊकही नसलेली गोष्ट तुम्ही उकरून का सांगितलीत? त्यांनी जे उत्तर दिले ते पुढे मी पुस्तकांतूनही पडताळून पाहिले. ज्यूंच्या 'मिश्ना' या प्राचीन विधिग्रंथात नियम आहे की, माणसाने देवाचे जे अपराध केले त्यांचे क्षालन योम किप्पूरच्या दिवशी होते. परंतु माणसाने माणसाचे जे अपराध केले त्यांचे क्षालन, जोवर तो त्या माणसाकडे जाऊन त्याचे समाधान करीत नाही तोवर, होत नाही. २५ तास उपाशी राहिलात, रात्रंदिवस प्रार्थना केलीत, तरी ते खाते उघडेच राहते. पैसे बुडवले असतील तर ते आधी परत करावे लागतात. बाराव्या शतकातील मैमोनिदेस नावाच्या त्यांच्या थोर पंडिताने पुढे स्पष्ट केले की, समोरच्याने नकार दिला तर तीन वेळा जावे, दर खेपेस तीन माणसे बरोबर न्यावीत. आणि ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर त्याच्या कबरीपाशी दहा माणसांना घेऊन जावे आणि त्यांच्यासमोर आपला अपराध मोठ्याने सांगावा.

"दहाच का?" मी विचारले.

"आमच्याकडे दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, साहेब. कोरमच म्हणा."

त्याच बसण्यात त्यांनी मला योनाची गोष्ट सांगितली. योम किप्पूरच्या दुपारी ती वाचतात. निनवे नावाचे शहर पापाने भरले होते. शिक्षेची घोषणा होताच तेथील राजाने सर्वांना उपवासाची आज्ञा केली आणि ती गुराढोरांनाही लागू केली. शेवटी देव संदेष्ट्याला विचारतो की, एवढ्या मोठ्या नगरीची, तिच्यातील एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि इतक्या जनावरांची मला दया येऊ नये काय. "तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगितले," ते हसून म्हणाले. आवडले, यात शंका नाही. त्यांच्या आणि आपल्या आहारात फरक आहे, तो मी येथे झाकून ठेवीत नाही. तत्त्वज्ञानातही फरक आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार नव्या वर्षी देवाची वही उघडते, दहा दिवसांनी तिच्यावर मोहोर बसते आणि त्या अवधीत माणसाने आपली बाकी सुधारावी. आपल्याकडे वही लिहिणारा तिसरा कोणी नाही. कर्म ज्याचे त्यानेच बांधायचे आणि त्यानेच खपवायचे. असे असूनही उपवास, शुभ्र वस्त्रे, कबुली आणि क्षमा हे चारही दोन्हींकडे आहेत.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या धर्मात काय उणे होते म्हणून दुसऱ्याच्या सणाकडे पाहायचे? काहीच उणे नव्हते. आपल्या आचार्यांनी दोष मोघम ठेवलेलेच नाहीत. श्रावकाच्या एकेका व्रताचे पाच पाच अतिचार नावानिशी सांगितले आहेत. खोटे वजनमाप, मालात भेसळ, चोरीचा माल घेणे, खोटा दस्तऐवज करणे, ठेव गिळणे. दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच कोणी लिहिले असावे इतके ते नेमके आहे. मोघमपणा आणला तो आपण. बँकेत सस्पेन्स खाते नावाची सोय असते. एखादी रक्कम कोठे टाकायची हे ठरत नसेल तर ती तात्पुरती तेथे टाकतात. शिस्तीच्या शाखेत ते खाते लवकर मोकळे केले जाते. आळशी शाखेत ते फुगत जाते आणि ताळेबंद मात्र वरून जुळलेला दिसतो. 'जाणता-अजाणता काही चुकले असल्यास' हे वाक्य आपण असेच वापरतो. सगळे त्यात टाकून द्यायचे आणि ताळेबंद जुळला म्हणायचे.

'तुमचे कशाबद्दल?' या प्रश्नाने मला त्या रात्री झोप आली नाही, कारण त्याला उत्तर होते. ते उत्तर अलिबागेत नव्हते, पाचगणीत होते.

आमचे वडिलोपार्जित किराणा दुकान पाचगणीच्या बाजारात. बोर्डिंग शाळांच्या खानावळींना माल पुरवायचा, हा मुख्य धंदा. मी शिकून नोकरीला लागलो. थोरले बंधू, आमचे दादा, दुकानावर राहिले. १९८३ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी वाटणीचा विषय निघाला, तेव्हा मी वह्या तपासायला घेतल्या. मला कोणी सांगितले नव्हते. पदवी स्वस्थ बसू देईना. एका खानावळीची ६,४०० रुपयांची वसुली आलेली होती, पण किर्दीत जमा नव्हती. मी दादांना विचारले. ते म्हणाले, "बाबूजींच्या सांगण्यावरून एके ठिकाणी दिले." कोठे, ते सांगेनात. मग मी मामाजींसमोर, भाभींसमोर आणि आणखी चार नातलगांच्या देखत म्हणालो की, याला मराठीत चोरी म्हणतात. आम्ही घरात मारवाडी बोलतो. तो शब्द मी मुद्दाम मराठीत वापरला होता, हेही लिहून ठेवतो.

दादा काही बोलले नाहीत. वाटणी झाली. मला रोख मिळाली, दुकान त्यांच्याकडे राहिले. बोलणेचालणे लग्नकार्यापुरते उरले.

१९८७ मध्ये आईने मला खरी हकीकत सांगितली. गावातील एका विधवा बाईने वडिलांकडे वर्षानुवर्षे थोडे थोडे पैसे ठेवले होते. पावती नाही, कागद नाही. सासरच्यांना कळले असते तर पैसे राहिले नसते. जुन्या दुकानदारांकडे अशा ठेवी असत, वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक असेल. वडिलांनी अखेरच्या आजारात दादांना सांगितले की, ते पैसे तिला पोचते कर आणि कोठेही नोंद ठेवू नकोस. दादांनी पोचते केले आणि नोंद ठेवली नाही. चारचौघांत चोर ठरले तरी त्या बाईचे नाव सांगितले नाही. आता ती वारली होती, म्हणून आईने माझ्यापाशी तोंड उघडले.

हे कळून मला वर्ष झाले होते. त्या वर्षात मी काय केले? संवत्सरीला दादांना छापील कार्ड पाठवले. साठांतले एक.

दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून मी निघालो. अलिबाग, वडखळ, महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. घाटात धुके इतके की ड्रायव्हर खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी हाकत होता. पाचगणीला उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि पाऊस लागून राहिला होता. दादा दुकान बंद करीत होते.

तेव्हा आमच्या दुकानाला शटर नव्हते. सुट्या उभ्या फळ्या होत्या, अकरा. वरच्या आणि खालच्या खोबणीत एकेक सरकवून शेवटी लोखंडी आडणा घालायचा. प्रत्येक फळीवर वडिलांच्या हाताने रंगात आकडा घातलेला. पाचगणीच्या पावसात लाकूड फुगते. त्यातही चौथी फळी दरवर्षी अडे आणि ती बसवायला दोन माणसे लागत. 'दार फळणी' हा शब्द अलिबागेत ऐकला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या अकरा फळ्याच आल्या होत्या.

मी छत्री मिटून ओट्याशी उभा राहिलो. दादांनी पाहिले आणि म्हणाले, "आलास? कळवले नाहीस."

गाडीत मी बरेच जुळवले होते. ते सारे विसरले. म्हणालो, "दादा, चार वर्षांपूर्वी मामाजींसमोर मी तुम्हाला चोर म्हणालो. ते खोटे होते. सहा हजार चारशे कोठे गेले ते मला बाईने सांगितले. सांगून वर्ष झाले. तरी मी गप्प बसलो. या दोन्हींची क्षमा मागायला आलो आहे."

आईला आम्ही बाई म्हणत असू. दादांच्या हातात फळी होती. ती त्यांनी भिंतीला टेकवली.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. तिच्या मुली नांदत्या आहेत."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पन्हाळीचे पाणी ओट्यावर पडत होते. शेवटी म्हणाले, "चार नंबर धर. खालून उचल."

मी खालून उचलली, त्यांनी वरून सरकवली. पाचवीपासून पुढच्या त्यांनी एकट्याने लावल्या. जेवताना भाभींनी मला आग्रह करून तिसरी पोळी वाढली आणि रडल्या. दादांनी 'क्षमा केली' असे शब्द त्या रात्री उच्चारले नाहीत, पुढेही कधी नाहीत. दिवाळीत त्यांचे पत्र आले, त्यात वहीपूजनाला ये असे लिहिले होते.

येथे सर्व सुरळीत झाले असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. तसे झाले नाही. आरोप मी चौघांत केला होता, तेव्हा तो चौघांतच परत घ्यायला हवा होता. परंतु खरे कारण सांगायचे तर त्या बाईचे नाव निघणार, आणि ते दादांनी जिवापाड राखलेले. मी मामाजींकडे गेलो आणि म्हणालो, "मी चुकलो होतो. दादांचा हिशेब चोख होता." त्यांनी विचारले, "मग पैसे गेले कुठे?" मी म्हणालो, "जेथे जायला हवे होते तेथे." मामाजी हसले. दोघा भावांनी आपसांत काहीतरी मिटवून घेतले, असेच त्यांना वाटले आणि त्यांनी ते इतरांनाही सांगितले. त्या चौघांपैकी दोघे तरी माझ्या दादांना अखेरपर्यंत चोर समजत राहिले असतील. एका संध्याकाळी एका शब्दाने जे केले, ते पुढे किती प्रयत्न केले तरी पुरते पुसले गेले नाही. दादा जाऊन आता सहा वर्षे झाली. दुकान पुतण्याकडे आहे, शटर विजेवर चालते. फळ्या माळ्यावर आहेत.

पुढच्या वर्षापासून मी छापील कार्डे बंद केली. संवत्सरीपूर्वी पाच-सात जणांना हाताने पत्र लिहितो आणि कशाबद्दल ते लिहितो. आठ ओळींचे पत्र लिहायला कधी कधी दोन दिवस लागतात. एका जुन्या सहकाऱ्याच्या बढतीचा अहवाल मी मत्सरापोटी मुद्दाम कोमट लिहिला होता. त्यांना ते कळवले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की हे सांगून तुम्ही माझे म्हातारपण कडू केलेत. त्यांचेही बरोबर असेल. जखम उघडी करून आपण मोकळे व्हायचे आणि सल दुसऱ्याला द्यायचा, हा स्वार्थ कोठे सुरू होतो, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. कुंपणवाल्या गृहस्थांना यंदाही पत्र लिहिता आले नाही. दीड फूट जागा माझीच आहे असे मला अजून वाटते.

एक पत्र मात्र फार उशिरा लिहिले. त्या मंगळवारी 'तुमचे कशाबद्दल?' असे हेडकॅशियरांनी विचारले, तेव्हा मी 'काही विशेष नाही' म्हणालो होतो. ते खोटे होते. गड्डी हरवली त्या रात्री घरी जाऊन मी सौभाग्यवतींना सांगितले होते की, पैसे बहुधा हेडकॅशियरांनीच उचलले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरते आहे. त्यांनी निदान सूर वापरला होता. मी सरळ नाव घेतले होते. आणि सौभाग्यवतींनी ते शेजारी बोलून दाखवले होते की नाही, हे मी कधी विचारले नाही.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे इस्राएलला गेले होते. त्यांचा समाज १९४८ नंतर हळूहळू तिकडेच गेला. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ हे त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे, घरे मात्र थोडी उरली. त्यांचा अश्दोदचा पत्ता मी एका जुन्या शिपायाकडून मिळवला आणि दादा गेले त्या वर्षी मराठीत दोन पाने लिहून पाठवली. तीन महिन्यांनी त्यांच्या मुलीचे उत्तर आले. अक्षर शाळकरी, मराठी स्वच्छ. तिने लिहिले होते की, वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तुमचे पत्र आले तेव्हा त्यांचा वर्षदिन जवळच होता. त्या दिवशी प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवावे लागतात, तसे कबरीपाशी जमले होते. तेथे मी तुमचे पत्र वाचून दाखवले. माझ्या मुलांना मराठी येत नाही, म्हणून मग हिब्रूत पुन्हा सांगितले.